चीक गार व्हतोय

अक्का, तू मेलीस.

पंधरा दिवसांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं आणि लिहून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "मेलीस काय म्हणतीस गं, गेलीस म्हण की, जिभेला हाड हाय का न्हाई," असं म्हणायला तिथं कुणी आलं नाही. म्हणजे खरंच असणार.

बाकीचे सगळे 'गेली' म्हणतात. कुठं गेली? पिशवी भरून मेढ्याला, माहेरी गेली? तासगावच्या बाजाराला गेली? अडतीस वर्षांची बाई सकाळी सातला गच्चीवर कुरडया घालत होती आणि दुपारी एकच्या आत तिला मिरजेच्या दवाखान्यातून चादरीत गुंडाळून परत आणलं. याला जाणं म्हणत नाहीत.

मी पत्रकं लिहिते. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोण, काय आणि कुणाविरुद्ध, एवढं यावंच लागतं. मी तसंच लिहायला बसले. कोण, ते लिहिलं. काय, तेही लिहिलं, कारण डॉक्टरांनी कागदावर देऊनच टाकलं होतं की हृदयविकाराचा झटका. कुणाविरुद्ध, इथं पेन अडलं. नावं सुचली नाहीत म्हणून नाही. पहिलंच नाव माझं येत होतं म्हणून.

तर सांगते. आजवर दुसऱ्यांची नावं चौकात वाचून दाखवली, आता आपलं सांगायला लाज कसली.

त्या दिवशी सातला तुझा फोन आला. मी साताऱ्यात, आमच्या संघटनेच्या ऑफिसात फरशीवर बसून सभेचं पत्रक तपासत होते. तू इथं, तासगावजवळच्या तुझ्या घराच्या गच्चीवर. फोन कठड्यावर ठेवून स्पीकर लावलेला, त्यामुळं कावळ्यांसकट सगळं ऐकू येत होतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक तू पहाटेच चुलीवर घोटून शिजवला होतास आणि गरम आहे तोवर सोऱ्यात भरून जुन्या साडीवर कुरडया पाडत होतीस. तुझी लेक अनु गोळा भरून देत होती.

"मने, काय करतीस?"

"काम."

"मग आमी काय हितं लगोरी खेळतूय व्हय? ऐक, डावा हात लय भरून आलाय गं आज. खांद्यापासनं पार बोटांपतुर. जबडा बी आखडल्यागत झालाय."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, सोऱ्या फिरवून फिरवून दुसरं काय होणार? या कुरडया खाणार कोण? दाजी, दाजींचे मित्र, पुण्याचे पाहुणे. हात कुणाचा दुखणार? तुझा. तासगावात मशीनवरच्या कुरडया मिळतात, त्या आण. नाहीतर दाजींना बसव सोऱ्यावर, सैन्यात कमावलेले दंड काय पेन्शनीत गेले का?

"त्यांनी सोऱ्या धरला तर कुरडईला बी परेड करावी लागंल," तू म्हणालीस आणि हसलीस. हसताना मध्येच थांबलीस. ते थांबणं मला ऐकू आलं होतं, अक्का. मला वाटलं, माझा मुद्दा तुला पटला.

म्हणून मी आणखी बोलले. दहा मिनिटं बोलले. घरकाम, फुकटचे श्रम, सवय नावाची बेडी. दुसऱ्या दिवशीच्या सभेची रंगीत तालीमच केली मी तुझ्यावर. तू मध्ये मध्ये "हं" म्हणत होतीस. ते "हं" म्हणतानाही तुला धाप लागत होती, हे मला आता कळतं. शेवटी म्हणालीस, "बरं बरं, भाषणबाई. चीक गार व्हतोय. ठेवते."

ठेवलास.

पुढचं अनुनं सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, ओव्याचं तेल कोमट करून तुझा हात चोळला. म्हणाल्या, "कुरडयाचा हात हाय, उद्या मोकळा व्हईल." दाजींनी कपाटातलं मलम काढून दिलं. शेजारची काकी जिन्यावरूनच म्हणाली की माझा तर चार दिस वर हुत न्हाई. सगळ्यांना माहीतच होतं, आपल्यात कुरडया घालणाऱ्या बाईचा हात दुखतोच. दर उन्हाळ्यात दुखतो. त्यात विचारायचं काय? नऊ वाजून गेल्यावर तू कठड्याला टेकून बसलीस. अनुला वाटलं, आई जरा टेकली. तिनं तुझ्या हातातला सोऱ्या अलगद काढून घेतला आणि पुढची कुरडई स्वतः घातली. तुला बरं वाटावं म्हणून.

चार ओळी झाल्या होत्या आणि पाचवी निम्मी. पाचव्या ओळीतली शेवटची कुरडई वेडीवाकडी आहे, ती पोरीची.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणालाच बोलले नाही. सोऱ्या उजव्या हातानं फिरवतात.

मला हे तूच शिकवलंस. मेढ्याच्या आपल्या अंगणात. मी आठ वर्षांची, तू एकोणीस, तुझं लग्न ठरलेलं. माझ्याच्यानं दांडी फिरत नव्हती म्हणून मी दोन्ही हातांनी लोंबकळत होते. तू माझी बोटं सोडवलीस. "येडे, डाव्यानं नुसतं धर, उजव्यानं फिरव. डाव्याला काय काम न्हाई. तो पाव्हणा." मग दुपारभर मी ओरडत होते, पाव्हण्याला चहा द्या, पाव्हण्याला पाट द्या, आणि आई आतून म्हणत होती, या दोघीस्नी कुणीतरी आवरा.

मग पाहुण्याचा खांदा का दुखेल? जबडा का आखडेल? मला माहीत होतं. आत्याबाईंना माहीत होतं, त्यांनी तर हजारो कुरडया घातल्यात. तुलाही माहीत होतं. एकीनंही विचारलं नाही की अगं, डावा कसा? मागच्या वर्षी मी पत्रक लिहिलं होतं, ठळक अक्षरात, 'बाईचं दुखणं ऐकून घ्या'. वाटून उरलेला गठ्ठा तू नेलास आणि तुझ्या कुरडयांच्या डब्यांत तळाला घातलास. परवा डबा उघडला तर तळाला माझीच ओळ. वर कुरडयांचा चुरा.

मी ऐकून घेतलं नाही, अक्का. मी उत्तर दिलं.

तुला शेवटचं भेटायला आलेल्या बायकांचं सांगू? तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग मला दापलं असतंस. तुला हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली आणि एकीनं सुरू केलं, "नशिबाची गं बया. नवऱ्याच्या आधी गेली. सोनं झालं." दुसरी म्हणाली, "असं मरान मागून मिळत न्हाई." माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, मग घ्या की मागून. बसा उद्या गच्चीवर, मी सोऱ्या आणून देते. एक बाई उठून गेली. दाजी खांबाला धरून उभे होते, त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आत्याबाई आता मला हाताला धरून बाहेर काढतील. त्यांनी मला फक्त खाली बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "आरडू नगं, लेकी. त्यास्नी बी दुसरं काय म्हणायचं ठावं न्हाई."

मला तरी कुठं ठाऊक होतं. मी ओरडले, तेही दुसरं काही येत नाही म्हणूनच.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. त्या वाकळीचं.

गेल्या दिवाळीत तू म्हणालीस, तुमच्या मोर्चाची जुनी कापडी फलकं दे, मांजरपाट चांगलं असतं, आत घालायला हुतंय. मला राग आला. चळवळीचं कापड ते, वाकळीत काय घालतीस? तू म्हणालीस, "मग काय उंदरास्नी घालतीस? तुझ्या हापिसात बघितलंय मी." दिलं शेवटी. संक्रांतीला आले तेव्हा तू सोप्यात वाकळ पसरून बसली होतीस. वर आईच्या दोन साड्या, खाली तुझ्या लग्नातला शालू उसवून, आणि मधल्या थरात आमची घोषणा. पातळ साडीतून अक्षरं दिसत होती, 'घरकामाला दा', पुढचा 'म' घडीत गेलेला. तू कमरेत वाकून धावदोरा घालत होतीस, तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एकासारखा एक.

"तुझ्या घोषणा पोटात घातल्या बघ. आता थंडीत गप पडतील," तू म्हणालीस. "तुझ्यासाठीच हाय. त्या फरशीवर झोपतीस, पाठ जाईल."

आणि मी म्हणाले, मला नको. तुझ्या कमरेवर मी झोपणार नाही.

चांगलं वाक्य होतं. सभेत टाळी घेतली असती. तुझी सुई थांबली. तू माझ्याकडं बघितलंस आणि मग दोरा दातानं तोडलास. मी तेवढ्यावर थांबले नाही. वाकळ पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून शिवतात, उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये म्हणतात, तेही मी काढलं. म्हणाले, या घरात वाकळीचं पोट भरतात आणि शिवणारी सगळ्यांच्या मागनं, उरलंसुरलं खाते. आधी वाकळ, मग म्हैस, मग तू. तुझा नंबर कितवा, अक्का?

"वाकळ जेवताना भांडत तरी न्हाई," एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस.

दोन दिवस तू फोन केला नाहीस. तिसऱ्या दिवशी केलास तो असा, जणू काही झालंच नव्हतं. "काठ हिरवा लावू का तांबडा?" मी म्हणाले, कुठलाही लाव, मी नेणार नाही. खरं तर मला हिरवा हवा होता. हे वाक्य माझ्या तोंडात होतं. हिरवा, एवढंच म्हणायचं होतं. पण हिरवा म्हणाले असते तर हरले असते ना.

कुणाशी जिंकत होते मी? सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं मी तुझ्या घरून शिकले. एसटी सुटायच्या आत डबा माझ्या हातात. पहिल्या मोर्चाला मी तुझ्याच घरातून चोरून गेले आणि तुला कळलं होतं, कारण त्या दिवशी डब्यात चार भाकरी जास्त होत्या. पुढं आम्ही कचेरीसमोर धरणं धरलं तेव्हा तू तीन घरच्या बायका बसवून भाकऱ्या थापल्यास आणि चळतीच्या चळती जीपमधून धाडल्यास. मी फोन करून काय म्हणाले? भाकऱ्या नकोत, तू ये. तू म्हणालीस, "भुकेल्या बाया किती येळ घोषणा देतील गं?" आणि आम्ही सगळ्या खाली बसून जेवलो. तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी होती. सगळ्या जणी म्हणाल्या, ही कुणी दिली? मी म्हणाले, माझ्या बहिणीनं. त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला हे मी त्यांना सांगितलं. तुला नाही.

तर काल. तुझं दिवसकार्य परवा उरकलं. काल सकाळी मी बॅग भरत होते. अनु वाकळ घेऊन आली. एक कोपरा सोडून सगळी पुरी झालेली. सुई तशीच टोचलेली, दोरा ओवलेला. दोन बाजूंना हिरवा काठ लावलास आणि दोन बाजूंना तांबडा.

मी बॅग बाजूला सारली आणि वाकळ मांडीवर घेतली.

आत्याबाई दारात आल्या. म्हणाल्या, "कोपरा मिटवून जा, मने. तिचं राहिलंय. भाकरी टाकते, तुकडा घाल." आणि चुलीपुढं बसल्या. मी म्हणाले, आत्याबाई, एक अट आहे. भाकरी आधी तुम्ही खायची, मग वाकळ. नाहीतर मी टाका घालणार नाही. "असलं काय तरी तुझं," म्हणाल्या. "मला भूक न्हाई. पाठीत भरलंय सकाळधरनं. बसून बसून धरलीया."

अनुच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आमच्या दोघींच्या तोंडावर उत्तर तयार होतं. पंधरा दिवस दुखवट्याला आल्या-गेल्यांपुढं बसलेली बाई, पाठ धरणारच. अगदी बरोबर उत्तर होतं ते.

"आजी, कुठं भरलंय?" अनु म्हणाली. "कवापासनं? हात दुखतोय का? कुठला?"

"अगं भाकर करपतीया..."

"करपू दे."

अक्का, हा आवाज तुझा होता. आत्याबाईंनी लय आदळआपट केली. चूल तशी कशी सोडू, लोक काय म्हणतील, पंधरा दिस झालं न्हाईत तवर म्हातारी दवाखान्याला निघाली. दाजी गाडी काढून उभे होते. त्यांनी आईच्या पायांत स्वतः चपला सरकवल्या. तासगावच्या दवाखान्यात त्यांना झोपवलं, छातीला वायरी लावल्या, मशीनमधून कागद निघाला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला. काही नाही म्हणाले. पाठीचा स्नायू धरलाय, शेका आणि पडून राहा.

आत्याबाई गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "बघ, उगंच." आणि मग पदरात तोंड घालून रडल्या. आत्तापर्यंत रडल्या नव्हत्या. "तिला बी नेलं असतं गं," म्हणाल्या. "मी त्याल चोळत बसले."

मी त्यांना सांगितलं, तुम्ही तेल तरी चोळलंत. मी भाषण केलं.

घरी आल्यावर आम्ही चौघं एकदमच जेवायला बसलो. करपलेली भाकरी मी घेतली. मग त्याच भाकरीचा तुकडा कोपऱ्यात घातला आणि शिवला. माझे टाके मोठे आलेत, तिरके आलेत, तुझ्या टाक्यांशेजारी लाजिरवाणे दिसतात. तू असतीस तर "उसव" म्हणाली असतीस. मी उसवणार नाही. वाकळ मी साताऱ्याला नेतेय. तुझ्या कमरेवर झोपणार नाही म्हणाले होते. झोपणार आहे. भांडण तू जिंकलीस. निम्मं. ती घोषणा मी मागं घेतलेली नाही, ती आत आहे आणि तूच ती आत शिवलीस.

एकच सांगायचं राहिलं. काल आम्ही निघालो, गेलो, थांबलो, कागद काढला, परत आलो. उंबऱ्यात पाऊल ठेवल्यावर मी पहिल्यांदा चुलीवरच्या आमटीच्या पातेल्याला हात लावून बघितला. झाकण होतं. कोमट होती अजून. तुझ्या पातेल्यालाही झाकण होतं, अक्का, तुझ्या शेजारीच कठड्यावर ठेवलेलं. झाकून निघता आलं असतं.

आणि गार झाला असता तर काय झालं असतं? चीक वाया गेला असता. म्हशीला घातला असता.

तू पडल्यावर तो पातेल्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी अनुनं खरवडून काढला. शेवटी म्हशीनंच खाल्ला.